सही कोणाची? दैनंदिन जीवनातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपले कर्म



या पाठाचे नाव वाचून काहींना वाटेल की हा तर संगणकवाल्यांचा विषय, साधकाचा त्याच्याशी काय संबंध? पण रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या कोणत्याही मराठी घरातला एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी मोबाईलवर सुप्रभाताचा संदेश येतो, त्यावरचे पांडुरंगाचे चित्र कोणा चित्रकाराने काढलेले नसते. नातू शाळेचा निबंध ॲपला विचारून उतरवून काढतो. सून बँकेला फोन लावते, तेव्हा पलीकडे गोड आवाजात बोलणारे माणूस नसते. आजोबा रक्ततपासणीचा अहवाल डॉक्टरांना दाखवण्याआधी चॅटजीपीटीला दाखवून घेतात. दिवसभरात कोणीही ‘मी आज कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली’ असे म्हणत नाही, पण ती घरात वावरून गेलेली असते.

आणि ती फक्त मोबाईलमध्ये नाही. ३ मे २०२५ रोजी नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. साडेतेरा एकर जागा आणि सुमारे एक हजार कोटींची गुंतवणूक, असे त्याचे आकडे त्या वेळी जाहीर झाले. आपण फोनवर विचारलेला प्रश्न अशाच एखाद्या इमारतीतल्या यंत्रांपर्यंत जातो आणि उत्तर परत येते. ती यंत्रे रात्रंदिवस चालतात, तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. त्यासाठी वीज लागते, अनेक ठिकाणी पाणीही लागते. छत्तीसगढची वीज प्रामुख्याने कोळशाची, कोरब्याच्या खाणींची, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गंमत म्हणून पन्नास चित्रे बनवणे अगदी फुकट नसते, एवढे लक्षात असू द्या. या पाठात मात्र दुसऱ्या एका प्रश्नाकडे पाहायचे आहे. काम यंत्राने केले, तर त्या कामाखाली सही कोणाची?

यंत्र जुळवते

आधी हे यंत्र काय करते ते थोडक्यात समजून घेऊ. माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर त्याला वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज ते त्यातून शिकते. आपण प्रश्न विचारला की शब्दामागून शब्द जुळवत ते उत्तर तयार करते. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते, कारण वाचलेले बरेचसे बरोबर असते. पण आपल्याला ठाऊक नसलेल्या जागीही ते अडखळत नाही. तिथेही तितकेच सुबक, आत्मविश्वासाने भरलेले वाक्य जुळवते. आपल्या ओळखीचा माणूस खोटे बोलताना चाचरतो, नजर चुकवतो, त्यावरून आपल्याला काही कळते. इथे तसली खूण नाही. खरे आणि बनावट दोन्ही एकाच स्वच्छ अक्षरात येतात.

याचे काय होऊ शकते, ते मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात दिसले. आयकर विभागाने एका कंपनीच्या आकारणीचा आदेश काढला. कंपनीने आपले उत्पन्न ३.०९ कोटी रुपये दाखवले होते, आदेशात ते २७.९१ कोटी ठरवले गेले. त्याच्या समर्थनार्थ जुन्या न्यायनिवाड्यांचे दाखले दिले होते. कंपनीच्या वकिलांनी ते शोधले, तेव्हा त्यांतले तीन निवाडे कुठे सापडेनात. कारण ते अस्तित्वातच नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण नव्याने ऐकण्यास सांगितले. एआयच्या या काळात यंत्रणेने समोर ठेवलेल्या उत्तरावर माणूस फार विसंबू लागतो, पण ज्याच्या हाती न्यायदानासारखे काम आहे त्याने ते डोळे झाकून न घेता पडताळूनच वापरले पाहिजे, अशा आशयाची समजही न्यायालयाने दिली.

या प्रकरणात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. न्यायालयाने कोणत्याही यंत्राला जाब विचारला नाही. विचारता आलाच नसता. आदेश ज्या कार्यालयातून निघाला, त्या कार्यालयाच्या नावानेच तो रद्द झाला. यंत्राला पगार नाही, बढती नाही, लाज नाही आणि झोप न येणेही नाही. ज्याला यातले काहीच नाही, त्याच्याकडे जबाबदारी सोपवता कशी येईल? आपण फार तर काम सोपवतो. जबाबदारी सोपवली असे आपल्याला नुसते वाटते.

सप्रेजींचे माफीपत्र

सहीचे ओझे म्हणजे काय, हे समजून घ्यायला रायपूरच्या मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. बुढापाऱ्यातल्या सप्रे शाळेवरून आपण कितीदा गेलो असू. ज्यांचे नाव त्या शाळेला आहे ते माधवराव सप्रे १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया येथे एका मराठी घरात जन्मले आणि १९२६ मध्ये रायपुरात वारले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले. पुढे टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढले. त्यातल्या लेखनाबद्दल १९०८ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्याच वर्षी टिळकांची रवानगी मंडालेला झाली. सप्रेजी मात्र सुटले, कारण घरच्या माणसांच्या, विशेषतः थोरल्या भावाच्या, आग्रहापुढे वाकून त्यांनी माफीपत्रावर सही केली होती.

त्या माफीपत्रामागची इच्छा त्यांची नव्हती. आग्रह दुसऱ्यांचा होता. आजच्या रीतीने ते म्हणू शकले असते की मी फक्त सही केली. पण त्यांनी ती सही स्वतःची मानली. काही काळ ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, वर्ध्याजवळच्या हनुमानगढीला रामदासी परंपरेच्या सहवासात राहिले, दासबोध पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग रायपूरला आले आणि कामाला लागले. दासबोध आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे दोन्ही ग्रंथ हिंदीत आले ते त्यांच्या लेखणीतून. आज एखादे ॲप दासबोधाच्या एका समासाचे हिंदी काही क्षणांत पुढ्यात टाकेल. ते ठीकठाकही असेल. पण त्यातल्या चुकीच्या शब्दाबद्दल रात्री उठून बसणारे मागे कोणी नसेल.

कर्मावरचा ग्रंथ हिंदीत आणणाऱ्या या माणसाने दुसऱ्याच्या आग्रहाने केलेल्या सहीची किंमत कशी मोजली, हे आपल्या गावाच्या इतिहासात नोंदलेले आहे. आता ते मनात ठेवून आपल्या हातातल्या फोनकडे पाहू.

घरातल्या लहान लहान सह्या

समजा, पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गात ‘क्षमा’ या विषयावर बोलण्याची तुमची पाळी आहे. तुम्ही एआयला मुद्दे विचारलेत, एखादा संदर्भ शोधायला सांगितलात, त्यात काही बिघडले असे मला वाटत नाही. पूर्वीही आपण दहा पुस्तके चाळत होतो. पण ‘माझ्या आयुष्यात एकदा असे घडले’ असे सुरू होणारा परिच्छेद यंत्राने लिहिला आणि तुम्ही तो भरल्या आवाजात वाचलात, तर तिथे सत्याचे व्रत मोडले. ऐकणारी एखादी भगिनी त्या प्रसंगावर विश्वास ठेवून आपल्या दुरावलेल्या बहिणीला फोन करायला निघेल. तुम्ही तिला जे दिलेत ते कोणीच अनुभवलेले नव्हते.

शोकसंदेशांचेही तसेच. शेजारचे काका गेले की गटात लांबच लांब, अलंकारिक श्रद्धांजल्या येऊ लागतात. वाचणाऱ्या काकूंना त्या कुठून आल्या ते कळते, बरे का. ‘काका आम्हाला कैऱ्या द्यायचे’ एवढे एक मोडकेतोडके वाक्य त्यांना जास्त दिवस पुरेल.

सगळ्यात जास्त सह्या मात्र आपण ‘फॉरवर्ड’ करताना करतो. एखाद्या प्रसिद्ध डॉक्टरच्या तोंडी मधुमेहाचे औषध, एखाद्या संतपुरुषाच्या तोंडी कोणा समाजाविषयी विखारी वाक्य, एखाद्या मंत्र्याच्या तोंडी पैसे दुप्पट करण्याची योजना. ओठ हलतात, आवाज ओळखीचा असतो. ‘मी बनवले नाही, मला आले ते पुढे पाठवले’ असे आपण म्हणतो. पण तुमच्या बहिणीने त्यावर विश्वास ठेवला तो तुमचे नाव पाहून. व्हिडिओ अनोळखी माणसाकडून आला असता तर तिने कदाचित उघडलाही नसता.

आवाजाच्या बाबतीत तर आता आणखी सावध राहायला हवे. एखाद्याच्या बोलण्याचा काही सेकंदांचा नमुना मिळाला तरी त्याच्या आवाजात हवे ते वाक्य बोलवून घेता येते. गायक अरिजित सिंह यांनी २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांनी २०२५ मध्ये याच कारणासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्यास न्यायालयाने मनाई केली. माणसाचा आवाज ही त्याची स्वतःची वस्तू आहे, ती न विचारता घेणे ही चोरी, हे न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मान्य केले म्हणा ना. आपण त्याला अस्तेय म्हणत आलो. नामवंतांना न्यायालयात जाता येते. आपल्या घरातल्या आईचे काय? रायपुरात कितीतरी आई-वडील एकटे आहेत, मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. दुपारी फोन येतो, मुलाचाच आवाज रडत सांगतो, ‘आई, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव.’ त्या क्षणी विवेक जागा राहील अशी अपेक्षा कोणत्याही आईकडून करू नये. तयारी आधीच करावी लागते. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवा. तो समाजमाध्यमांवर कुठेही आलेला नसावा, एखाद्या जुन्या गाईचे नाव किंवा आजोळच्या विहिरीचे नाव चालेल. फोनवर तो विचारायचा. नाही सांगता आला तर फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितले होते. तरीही माणसे फसतात. याचे कारण अडाणीपणा नाही. भीतीपुढे शिकलेला माणूसही थिजतो.

होयबा सोबती

एक गोष्ट थोडी नाजूक आहे. रात्री झोप येत नाही, मनात खूप साचले आहे, आणि घरात कोणाशी बोलावे ते कळत नाही. अशा वेळी बरेच जण आता एआयशी बोलतात. ते ऐकून घेते, कंटाळत नाही, दुसऱ्या दिवशी चार जणींत सांगत बसत नाही. यात काही जणांना खरोखर थोडा आधार मिळतो, ते मी नाकारणार नाही. पण त्याचा एक स्वभाव ओळखून ठेवा. वापरणाऱ्याला बरे वाटावे, असे उत्तर देण्याकडे त्याचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीलाच आपली एक सुधारणा मागे घ्यावी लागली, कारण ते यंत्र प्रत्येक गोष्टीला मान डोलावू लागले होते, भलत्यासलत्या निर्णयांचेही कौतुक करू लागले होते. सासू-सुनेच्या भांडणात तुम्ही तुमची बाजू सांगाल तर ते तुमच्या बाजूने बोलेल, आणि सून तिच्या फोनवर तिची बाजू सांगेल तर तिच्याही. दोघी शांत झोपतील आणि सकाळी अबोला आणखी पक्का झालेला असेल.

आपल्या संतांनी दोष दाखवणाऱ्याचे उपकार मानले आहेत. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था १९३५ पासून उभ्या राहिल्या त्या केवळ गणपती आणि नाटकांसाठी नाहीत. परक्या मुलखात ‘तुझे चुकतेय’ असे हक्काने सांगणारी चार माणसे जवळ असावीत, हेही त्यामागे होतेच. मनावरचे ओझे फार वाढले, जगणे नको वाटू लागले, तर यंत्राशी बोलत बसू नका. ‘टेलि-मानस’ ही शासनाची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे, तिथे माणसे आहेत.

हत्ती येतोय

हे सगळे वाचून एआय म्हणजे संकटच असे कोणी ठरवू नये. गरियाबंद आणि धमतरी जिल्ह्यांतल्या उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात २०२३ पासून हत्तींची सूचना देणारे एक ॲप वापरात आहे. ‘हाथी मित्र दला’चे लोक पायी फिरून कळपाचा माग काढतात, ठिकाण नोंदवतात, आणि ॲप सुमारे दहा किलोमीटरच्या परिसरातल्या गावकऱ्यांना फोन आणि संदेश पाठवते. मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला आज कोणत्या बाजूला जाऊ नये, ते घरीच कळते. इकडे यंत्र आहे, पण त्याच्या एका टोकाला जंगलात चालणारा माणूस आहे आणि दुसऱ्या टोकाला ज्याचा जीव वाचायचा तो माणूस आहे. नोंद चुकली तर कोणाला विचारायचे, तेही ठाऊक आहे. मला वाटते, एआयचा कोणताही वापर योग्य की अयोग्य ते ठरवताना ही दोन टोके आधी शोधावीत.

नवा रायपूरमधल्या मुली

आता ज्या घटनेमुळे या पाठाची निकड वाटली, तिच्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीतल्या एका विद्यार्थ्यावर आरोप झाला की त्याने आपल्याबरोबर शिकणाऱ्या मुलींची साधी छायाचित्रे घेऊन एआयच्या साहाय्याने त्यांची अश्लील चित्रे बनवली. छत्तीस मुलींची नावे त्यात आली. संस्थेने त्याला निलंबित केले, पोलिसांनी त्याला अटक केली. निवाडा न्यायालय करील. आपण आपल्यापुरता विचार करू.

त्या मुलींनी काय चूक केली होती? सहलीचा, वाढदिवसाचा, गॅदरिंगचा फोटो काढला होता. एवढेच. म्हणून ‘मुलींनी फोटो टाकूच नयेत’ हा जो पहिला उपदेश आपल्या तोंडी येतो, तो कृपया गिळून टाका. चोरी झालेल्या घरात जाऊन ‘तुम्ही दागिने घेतलेच कशाला’ असे आपण विचारत नाही. आणि ज्या घरात मुलगे आहेत, त्या घरात हा विषय काढा. कदाचित अवघड वाटेल. तो मुलगा हुशार असेल, देवाला नमस्कार करून परीक्षेला जात असेल. पण पडद्यावर एक कळ दाबली की समोरच्या मुलीचे काय होते, ते त्याला दिसत नाही. हातांनी कोणाचे वस्त्र ओढताना जी भीती वाटली असती, डोळ्यांत जे अश्रू दिसले असते, ते सगळे यंत्राने मधून काढून टाकलेले असते. कर्म तेच राहते. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की ‘ॲपने बनवले’ हे उत्तर या घरात चालणार नाही. कायद्यातही ते चालत नाही. असे चित्र बनवून पसरवणे आणि हाती आलेले पुढे पाठवणे, दोन्ही गुन्हे आहेत. मित्रांच्या गटात कोणी असे काही टाकले आणि तो गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याचाही हिशोब आहे.

आणि उद्या तुमची लेक, भाची, शेजारची मुलगी पांढऱ्याफटक चेहऱ्याने तुमच्यासमोर आली तर? पहिले वाक्य फार महत्त्वाचे असते. ‘यात तुझा काहीही दोष नाही, आता आपण दोघी मिळून बघू’ असे म्हणा. ते चित्र खरे की खोटे, हे तिला विचारू नका. घरच्या पुरुषांना कळले तर काय, ही भीती तिच्या मनात असेल. कोणाला सांगायचे ते तिला ठरवू द्या. चित्र कुठे आले, कोणाच्या नावाने, किती वाजता, त्या पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण ते चित्र ‘दाखवण्यासाठी’ कोणालाही पाठवू नका. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांसाठी पोर्टलवर वेगळा विभाग आहे, आणि नाव न देता तक्रार नोंदवण्याचीही सोय आहे. ज्या ॲपवर चित्र आले तिथेही लगेच तक्रार करा. मुलगी अठरा वर्षांवरील असेल तर ‘स्टॉप-एनसीआयआय’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. त्यात चित्र कुठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांना मिळतो, म्हणजे तेच चित्र पुन्हा चढवले गेले तर त्यांना अडवता येते. पोलीस ठाण्यात जाताना तिच्याबरोबर जा. बाहेर बाकावर बसून राहावे लागले तरी चालेल, पण ती आत असेपर्यंत तिथून उठू नका.